पासंग

३ मार्च, सोमवार

मेंदूच्या झटक्यानंतर बाबांना आज इस्पितळातून घरी आणलं. हातपाय शाबूत आहेत. चालतात, स्वतःच्या हाताने जेवतात, आपण बोललेलं सगळं समजतं. गेली ती फक्त नावं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातला नावांचा कप्पा तेवढा बंद झालाय, बाकी घर चालू आहे. कधी उघडेल ते सांगता येत नाही. उघडेलच असंही नाही.

दारात चप्पल काढताना बाबा त्या चपलेकडेच पाहत थांबले. ओठ हलले, पण शब्द येईना. मग म्हणाले, "हे... रस्त्यासारखं. आपल्यापुरता रस्ता."

"चप्पल," आई म्हणाली. "चप्पल म्हणतात त्याला."

"तेच," बाबा म्हणाले आणि आत गेले.

मी या घरातली पहिली पदवीधर. भाषा हाच माझा विषय. आमच्या घरात भाषेचंच दुखणं यावं आणि नेमकी मी इथे असावी, यात काहीतरी अर्थ असलाच पाहिजे. बाबांना एकेक नाव परत मिळवून द्यायचं, असं मी ठरवलंय. रोज वीस नावं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "छान. आधी त्यांना दूध दे."

५ मार्च, बुधवार

कार्डं तयार केली. एकेका कार्डावर एकेक चित्र: चमचा, छत्री, घड्याळ, बटण, कुलूप. जागा हवी म्हणून दुकानात बसून काढली.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बाबा तराजू दुरुस्त करतात. किराणावाल्यांचे, सोनारांचे, औषधवाल्यांचे. छताच्या आकड्यांना सात काटे टांगलेले आहेत आणि बाबा पडले त्या दिवसापासून तसेच आहेत. सगळ्यांच्या दांड्या अगदी सरळ, पारडी समोरासमोर. वारा आला की सातही जण जरासे डुलतात आणि पुन्हा समेवर येतात. मी कितीतरी वेळ पाहत बसले होते.

मला या खोलीत बसायची परवानगी कधीच नव्हती. "तू अभ्यास कर. इथे हात काळे होतात." मी उंबऱ्यावर बसून पाठांतर करायची आणि आतून बाबांचं पुटपुटणं ऐकू यायचं, "इकडचं तिकडे, तिकडचं इकडे." दोन्ही पारड्यांतला माल ते पुन्हा पुन्हा अदलून बदलून पाहायचे. बस्स, या कामातलं मला एवढंच येतं.

कपाटात ती मखमली पेटी आहे. तिच्यात प्रमाण वजनं आहेत. बाकीची सगळी वजनं खरी की खोटी, ते यांच्याशी ताडून ठरतं. रोजच्या कामाला ती कधी काढत नाहीत, आणि बोट तर लावायचंच नाही. बोटाचा घामही त्यांना जड होतो. बाबा ती चिमट्याने उचलतात.

पदवीचा कागद मी घरी आणला, त्या दिवसाची आठवण झाली. बाबांनी हात पुसले, परत पुसले, आणि मग तो कागद चिमट्याने उचलून खिडकीपाशी नेऊन पाहिला. तसाच चिमट्याने परत दिला. मला वाटलं, थट्टा करतायत. रात्री रडू आलं, ते खोटं कशाला लिहू. आई मात्र त्या दिवशी बोललीच होती, "शीक कितीही, तुझं पुस्तक त्यांच्या हाताच्या पासंगाला पुरायचं नाही."

१० मार्च, सोमवार

अर्ज केला होता त्या शाळेचं पत्र आलं! २० तारखेला, गुरुवारी अकरा वाजता मुख्याध्यापिकांसमोर एक नमुना पाठ घ्यायचा आहे. तो आवडला तर जूनपासून नोकरी. विषय: उपमा अलंकार. वीस वेळा घ्यायला सांगितला तरी घेईन असा माझा आवडता विषय.

पाठाचं टाचण असं. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय. ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान. दोघांत जे सारखं ते साधर्म्य. आणि 'सारखा', 'जसा', 'प्रमाणे' हे त्यांना जोडणारे शब्द. सुरुवातीचं वाक्यही ठरलं: "मुलांनो, अलंकार म्हणजे दागिना. भाषा त्याच्याशिवायही चालते, पण त्याने तिला शोभा येते."

बाबांच्या कार्डांचे मात्र हाल आहेत. वीसपैकी दोन बरोबर. वहीत तक्ता आखलाय, त्यातली चुकीची उत्तरं इथे उतरवते:

चमचा: "होडीसारखं. तोंडाच्या बंदरात रिकामी होते."

छत्री: "हातात धरलेलं... घराच्या डोक्यासारखं."

बटण: "कुलपासारखं. पण किल्ली म्हणजे बोटंच."

कुलूप: (कुलपाचं नाव आत्ताच स्वतः घेतलं होतं, तरी) "गप्प बसलेल्या माणसासारखं. एकालाच उत्तर देणारं."

मी प्रत्येक वेळी खरं नाव सांगते, ते "तेच" म्हणतात आणि पाच मिनिटांत विसरतात. शेवटी मी आईकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोण?"

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "उंबऱ्यासारखी."

"ऐका!" आई म्हणाली. "तीस वर्षांनी तोंड उघडलं, तर मी पायाखालची!"

"नाही, नाही," बाबा गडबडले. "रोज... जाताना, येताना... तिच्याशिवाय आत नाही, बाहेर नाही."

आई मग बराच वेळ एकच पातेलं घासत होती.

१३ मार्च, गुरुवार

बारा कार्डं, सगळी चूक. माझा धीर सुटला, आवाज चढला. "बाबा, कशासारखं ते नका सांगू, नाव सांगा!" त्यांनी लहान मुलासारखी मान खाली घातली. मला माझीच लाज वाटली. कार्डं गोळा करून मी उठले, तर त्यांनी माझ्याकडे पाहून सावकाश म्हटलं, "पेटीतल्यासारखी."

मी लगेच मखमली पेटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मान हलवली. पेटी बाजूला केली आणि पुन्हा माझ्याकडे पाहत राहिले. "पेटीतल्यासारखी." मी पेटी उघडून दाखवली, एकेक वजन चिमट्याने उचलून विचारलं, "हे? हे?" ते हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसले.

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, अशा माणसांचं हसूरडू आवरत नाही. तक्त्यात लिहिलं: उपमान, पेटीतलं वजन. उपमेय, रिकामं. साधर्म्य, रिकामं.

१७ मार्च, सोमवार

आज मी दुकानाच्या उपयोगी पडले!

चौकातले औषधवाले काका आले. ते पुड्या बांधून देतात, लहान मुलांच्यासुद्धा. त्यांचा नाजूक पितळी काटा बाबांकडे होता. "झालाय का गं?" त्यांनी विचारलं. मी आकड्यावरचा काटा पाहिला. दांडी सरळ, मधली सुई केसभरही ढळलेली नाही. दोन्ही पारडी एका रेषेत. झाल्याशिवाय का असा राहील? मी तो मऊ कापडात बांधून दिला.

"दोन दिवस बहिणीकडे जातोय," काका म्हणाले. "गुरुवारी सकाळी दुकान उघडलं की हाच वापरात घेतो. बाबांना सांग, त्यांच्या हाताला तोड नाही."

हे सांगितल्यावर बाबांना बरं वाटेल म्हणून मी धावत आत गेले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. दुकानात जाऊन ते रिकाम्या आकड्याखाली उभे राहिले, आकडा हातात धरला आणि मोठ्याने म्हणाले, "तापात निजलेल्या पोरासारखं!" पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ओरडलेच.

"अहो, कामाचं मनावर घेऊ नका," म्हणत आईने त्यांना आत आणलं आणि दुकानाला कुलूप घातलं. डॉक्टरांनी त्रागा होऊ द्यायचा नाही म्हणून बजावलंय.

हातचं काम गेलं याचं त्यांना केवढं दुःख झालं असेल! मला ते जाणवायला हवं होतं.

१८ मार्च, मंगळवार

"तापात निजलेल्या पोरासारखं. शांत. पण बरं नाही." सकाळपासून चार वेळा. मी चार वेळा ताप पाहिला. ताप नाही.

"स्वतःबद्दलच बोलतायत," आई म्हणाली. मलाही तसंच वाटतं. किती अचूक वर्णन आहे स्वतःचं! वरून शांत, आतून बरं नाही. पाठात उदाहरण म्हणून वापरावं का? पण बापाचं दुखणं फळ्यावर लिहायचं, हे बरं दिसेल का?

बाबा कुलूपबंद दारापाशी बसून आहेत. मी जवळ गेले की माझा हात धरतात आणि दाराकडे पाहतात. जेवले नाहीत.

२० मार्च, गुरुवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

पावणेदहाला मी तयार होते. इस्त्रीचे कपडे, पिशवीत खडू, तक्ते, टाचण. बाबांनी पिशवीचा बंद धरला तो सोडेनात. "तापात निजलेल्या पोरासारखं."

"हो बाबा. आल्यावर बोलू."

"तापात..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पकड सुटत नव्हती.

"अगं, उशीर होईल तुला, मी बघते त्यांच्याकडे," आई आतून म्हणाली.

आणि बंद सोडवता सोडवता मला एकाएकी दिसलं की सतरा दिवस मी या माणसाला एकच प्रश्न विचारतेय: याला काय म्हणतात? नेमका तोच प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. उपमेय त्यांचं हरवलंय. उपमानं सगळी जागच्या जागी आहेत, आणि ती तर ते मला ओंजळीओंजळीने देतायत.

मी पिशवी खाली ठेवली. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "बाबा, आणखी कशासारखं?"

ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू तीन दिवस दार ठोठावतायत आणि आत्ता कुठे कडी निघाली.

"लाजऱ्या पाहुण्यासारखं," ते हळूहळू म्हणाले. "रिकामा असला की ताठ. हातावर ओझं दे... की वाकतो."

"आणखी?"

"दोघी बहिणी. एकीचा हात लांब. ती नेहमी... जिंकते. म्हणून दुसरीच्या खिशात खडा घातला." ते थांबले, दम घेतला. "भांडण मिटल्यासारखं. मिटलेलं नाही."

दोघी बहिणी, समोरासमोर: दोन पारडी. खिशात खडा. लांब हात. ओझं. मी आईकडून किल्ली घेतली, दुकान उघडलं, आकड्यावरच्या सहा काट्यांतला एक खाली घेतला आणि पारडं उलटं केलं.

पारड्याच्या पोटाला मेणाने चिकटवलेला शिशाचा लहानसा मणी होता.

दुसरा काटा उलटा केला. मणी. तिसरा. मणी. सहाही काट्यांच्या एकेका पारड्याखाली मणी! हे सगळे आजारी काटे होते. त्यांच्या दांडीचा एक हात दुसऱ्याहून लांब झालेला. वाकडे टांगले तर दांडी जिच्यावर डुलते ती टेकूची धार एकाच बाजूने झिजते, म्हणून पाळी येईपर्यंत बाबा त्यांना मणी लावून समेवर निजवून ठेवतात, हे संध्याकाळी त्यांच्याच उपमांतून जुळवलं. रिकामे असताना खरे दिसणारे आणि माल पडला की खोटं बोलणारे.

"पासंग," मी म्हणाले. जन्मभर हा शब्द मी फक्त टोमण्यात ऐकला होता. तो हातात धरता येतो, त्याला मेणाचा वास येतो, हे मला माहीत नव्हतं.

"तेच!" बाबा म्हणाले, आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसले.

दहा वाजून गेले होते. काकांचं दुकान नऊला उघडतं. चौकापर्यंत मी पळाले. शाळा उजवीकडे, दुकान डावीकडे. मी डावीकडे वळले, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी शाळा मला आठवलीही नाही.

"काका, तो काटा थांबवा!"

पांढऱ्या डगल्यातले काका पुडी बांधत होते. "का गं? झकास चाललाय. बघ ना, सुई हलते का?"

"रिकामा असताना नाही हलत. पन्नास ग्रॅमची दोन वजनं द्या."

त्यांनी दिली. मी एकेका पारड्यात एकेक ठेवलं. उजवं खाली गेलं.

"माझं एक वजन झिजलं असेल," काका म्हणाले.

"मग आता इकडचं तिकडे, तिकडचं इकडे." मी वजनं बदलली. पुन्हा उजवंच खाली गेलं. वजन झिजलेलं असतं तर आता डावं खाली गेलं असतं. दोष जागचा हलला नाही, म्हणजे तो काट्यातच होता. मग मी पारडं उलटं करून मणी दाखवला.

काकांनी हातातली पुडी खाली ठेवली. सकाळपासून सात पुड्या बांधल्या होत्या. तीन अजून समोरच होत्या. चार गेल्या होत्या, त्यांतली एक आकडी येणाऱ्या तान्ह्या मुलीची. "तू इथे थांब, कुणाला काही देऊ नकोस," एवढंच म्हणून ते निघाले. पांढरा डगला, पन्नाशी उलटलेले पाय, भर रस्त्यात धावत. चपला मेजाखालीच राहिल्या होत्या.

मी थांबले. गिऱ्हाइकांना परत पाठवत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. तेव्हा पाठ आठवला.

बाराला काका आले. चारही पुड्या हातात. तान्हीची पुडी फुटलीच नव्हती. एका आजोबांनी आपल्या पुडीतला एक डोस घेतला होता. काका त्यांच्या डॉक्टरांना विचारून आले होते, एका डोसाने काही व्हायचं नाही. महिनाभर चाललं असतं, तर मात्र...

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी दिला काटा."

"तू दिलास, मी घेतला. पारड्याखाली दोघांनीही पाहिलं नाही." काका बाकावर बसून तळपायाचे खडे काढत होते. "पाहिलं कुणी, तर ज्याला बोलता येत नाही त्याने."

२१ मार्च, शुक्रवार

मुख्याध्यापिकांना अर्ज लिहिला. कारण जसं घडलं तसंच लिहिलं. दुसरी तारीख मिळेल की नाही, माहीत नाही. आई म्हणाली, "आजारी होते असं लिहायचं की, सोपं." मी नाही लिहिलं.

टाचणातलं पहिलं वाक्य खोडलं. म्हणे दागिना! काल त्या तान्हीच्या आणि त्या चुकीच्या मापाच्या औषधाच्या मध्ये काय उभं होतं? दोघी बहिणी आणि एक लाजरा पाहुणा. दुसरं वाक्य अजून सुचलेलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

काकांचा काटा पाच दिवसांत बरा केला. हात माझे, बोलणं बाबांचं. माझे हात काळे झालेत आणि बाबा काही म्हणाले नाहीत.

कानस किती घासायची? "माशीने पाय पुसावा तेवढी." दांडी कशी उचलायची? "दुधावरची साय उचलावी तशी, न फाटता." धार बसली हे कसं कळणार? "झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखी. त्याला कळता कामा नये." पहिल्या दिवशी मी विचारत होते, म्हणजे किती मिलिमीटर? तिसऱ्या दिवशी हातालाच कळलं. माशीच्या पायाएवढं घासलं, आणि सुई समेवर आली. इकडचं तिकडे केलं, तरी समेवर. मी पेन्सिलचं टरफल पारड्यात टाकलं, तर सुई हलली! मग मी नुसता श्वास सोडला, तरी हलली. मी आणि बाबा श्वास रोखून ती थांबायची वाट पाहत बसलो. एवढी शांत खोली मी कधी पाहिली नव्हती.

काही नावं परत आलीत. चमचा आला. उंबरा आला. 'पासंग' तर ते उगाचच अधूनमधून म्हणतात, नवा दात दाखवणाऱ्या मुलासारखे. माझं नाव अजून नाही.

संध्याकाळी काका काटा न्यायला आले. पारडी स्वतः उलटी करून पाहिली, मग मला एक डोळा मिचकावून बाबांना म्हणाले, "काय उस्ताद, ही कोण नवीन कामाला ठेवलीत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. नाव आलं नाही.

"पेटीतल्यासारखी," ते म्हणाले.

मी पेटी आणायला उठले.

"बस खाली," आई दारातून म्हणाली.

काका हसत होते ते थांबले आणि काटा उगाचच पुन्हा बांधायला लागले. बाबांनी मेजावरचा चिमटा घेतला आणि माझ्या बाहीवर पडलेला पितळेचा कीस अलगद, मला स्पर्श न होऊ देता, उचलून घेतला.

वहीत तो रकाना अजून रिकामा आहे. आईला विचारलं, तर म्हणाली, "एवढी शिकलीस, आणि हे मी सांगू?" आणि डोळे पुसत आत गेली.

उद्या बाबांनाच विचारेन, आणखी कशासारखं.